मोत्यांची माळ घातलेली आई

तुमच्या सासवा मराठी मालिका बघतात ना? माझ्या सासूबाई इकडे आखातात, मवालेहच्या आमच्या फ्लॅटमध्ये बसून जुनी अमेरिकन मालिका बघतात. दुपारची जेवणं झाली की सुरू! इंग्रजी फारसं कळत नाही, पण गळ्यात मोत्यांची माळ घालून नाश्ता करणारी त्यातली श्रीमंत आई मात्र त्यांना पुरती कळते. मुलगा घर सोडून निघाला की या बाईच्या छातीत कळ येते आणि मुलगा बॅग खाली ठेवतो. दर वेळी हेच.

"लिहिणाऱ्याला दुसरं काही सुचतच नाही का गं?" परवा सासूबाई मला म्हणाल्या. "असल्या नाटकाला शेंबडं पोरसुद्धा फसणार नाही!"

त्याच संध्याकाळी माझा नवरा ऑफिसातून आला तो खुशीतच. "आई, मला प्रमोशन मिळतंय, इथून हजार किलोमीटरवर, सलालाला. वर्षभर मी एकटाच जातो. मधूनमधून येत जाईन, इन्शाल्ला."

आईंनी छातीवर हात ठेवला आणि त्या सोफ्यावर कलंडल्या. नवरा पांढराफटक पडला. "नाही जात, आई! खलास, विषय संपला! उद्याच नाही म्हणून सांगतो!" असं ओरडत तो पाणी आणायला स्वयंपाकघरात धावला.

मी त्यांच्या कानाशी वाकले. "आई, दुपारी काय म्हणालात? शेंबडं पोरसुद्धा फसणार नाही!"

त्यांनी एकच डोळा उघडला.

"शेंबडं नाहीच फसत गं. पोटचं फसतं."