ताज्या तारखेचे चार टायर

आणि वर बायको मला म्हणते, "अहो, टायर निवडताय, जावई नव्हे!" आता ह्यावर माणसाने बोलायचं काय, तुम्हीच सांगा! सहा आठवडे... बरं सहा तर सहा, पण मी काय हौस म्हणून शोधत होतो का? माझं म्हणणं एवढंच, की घाई कशाला, नीट बघून घेतलेलं बरं.

तुम्हाला सांगतो, माझं औषधांचं दुकान आहे. एकतीस वर्षं झाली. लेबल वाचल्याशिवाय मी पाण्याची बाटलीसुद्धा उघडत नाही. आयुष्यात एकदाच, फक्त एकदाच, लेबल न वाचता वस्तू घेतली, आणि ती म्हणजे गेल्या वर्षी गाडीचे टायर! गाडी विजेवरची. ती वजनाला जड, म्हणून टायर लवकर झिजतात, हे मला कोण सांगणार? झिजले, तसा कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो, म्हटलं बसवा चार. बसवले. काळे, गोल, अजून काय बघायचं टायरमध्ये? आणि दुसऱ्या दिवसापासून जी गाडी एका चार्जिंगमध्ये दोनशे ऐंशी किलोमीटर आरामात जायची ती दोनशे चाळीसला मान टाकायला लागली! मला वाटलं, गेली बॅटरी. दोनदा सर्व्हिस सेंटरला नेली. तिथल्या इंजिनियर मुलीने सगळी बॅटरी तपासली, मग खाली वाकून टायर बघितला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी सर्दीसाठी पोटाच्या गोळ्या खाऊन आलेल्या गिऱ्हाइकाकडे पाहतो. "काका, हे साधे टायर आहेत. ह्या गाडीला लो रोलिंग रेझिस्टन्सचे लागतात." म्हणजे काय गं बाई? तर म्हणे टायर फिरताना दबतो, पुन्हा फुगतो, दबतो, फुगतो, आणि ह्या दबण्या-फुगण्यात वीज खातो. काही टायर जास्त खातात, काही कमी. आमचे खादाड निघाले.

आता तुम्ही म्हणाल, चाळीस किलोमीटरने काय एवढं बिघडतं? अहो, माझी ताई राहते दोनशे साठ किलोमीटरवर! दोनशे ऐंशीत ताई बसते, दोनशे चाळीसमध्ये ताई बसत नाही. आणि वाटेत चार्जिंगची सोय एकच, तिथलं मशीन मी जाईन तेव्हा बंद. एकदा तिथे पाच तास बसून आलो तसा परत फिरलो. वर्ष झालं, ताईचं तोंड पाहिलं नव्हतं. आणि अशात तिचा फोन. "छोट्या," (अठ्ठावन्न वर्षांचा आहे मी, पण ते असो) "छोट्या, डोळ्याचं ऑपरेशन ठरलंय. पुढच्या महिन्यात अठरा तारखेला, सोमवारी सकाळी. काही नाही रे, अर्ध्या तासाचं काम आहे. पण तू बाहेर बाकावर बसशील ना?"

ताई असं कधी काही मागत नाही हो. मी सात वर्षांचा असताना माझे टॉन्सिल काढले, तेव्हा ही परीक्षा बुडवून दिवसभर बाहेर बसली होती. आता एकटी असते. म्हटलं, "बसतो ताई. टायर तेवढे बदलतो आणि येतो." म्हणजे घाई नाही, दीड महिना हातात होता, नीट बघून घेतलेलं बरं!

गेलो मोठ्या टायरवाल्याकडे. माणूस शांत. हनुवटीवर हात ठेवून ऐकणारा. त्याने चार प्रकार मांडले. प्रत्येकाला लेबल! म्हटलं, वा, हे आपलं काम. वीज किती खातो त्याला अक्षर, ओल्या रस्त्यावर किती धरतो त्याला अक्षर, आवाज किती करतो त्याचा आकडा. मी चष्मा पुसला आणि बसलो वाचत. दोन तास. एक नक्की केला, सगळ्यांत कमी वीज खाणारा. घरी येतो तो जिन्यात वरच्या मजल्यावरचे प्रोफेसर. "कुठला घेताय? अरे अरे अरे... ओल्या रस्त्यावर ब्रेक लागायला नको का? ताईकडे पोहोचायचंय की दरीत?" झालं! रात्रभर मला दरी दिसतेय. दुसऱ्या दिवशी परत टायरवाल्याकडे. तो म्हणाला, "मग हा घ्या काका, दोन्हीत चांगला." घेतला असता हो! हात खिशापर्यंत गेला होता! पण सवय वाईट. मी विचारलं, "तारीख?"

"कसली तारीख?"

"मालाची. कधी बनलाय?"

तर टायरवर असते बरं का तारीख! चार आकडे, कितव्या आठवड्यात, कुठल्या वर्षी. मी वाकून वाचलं, माल सात महिन्यांचा. टायरवाला म्हणतो, "काका, सात महिने म्हणजे काहीच नाही, टायर आहे, दूध नव्हे." पण तुम्हाला एक आतली गोष्ट सांगतो, कुणाला बोलू नका. मी स्वतः दुकानात जुना माल पुढे लावतो आणि नवा मागे. सगळेच लावतात. म्हणून दुसऱ्याच्या दुकानात गेलो की मी मागचा मागतो. "त्या शेवटच्या रांगेतला काढा." त्याने काढला. सहा महिने. "त्याच्याही मागचा." त्याने पंचवीस टायर हलवले हो, घामाने निथळला बिचारा, शेवटी भिंत लागली! मी म्हटलं, "राहू द्या, नवा लॉट मागवा. घाई नाही, नीट बघून घेतलेलं बरं." त्याने हात जोडले. नमस्कार म्हणून नव्हे.

नवा लॉट आज येतो, उद्या येतो. आठ तारीख, अकरा तारीख. ताईला रोज फोन. "ताई, निघालाय माल." ती म्हणायची, "हो का? बरं." बायकोला म्हणालो, "ताई किती समजूतदार आहे!" बायको काही बोलली नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं, आमची बायको आणि गप्प?

शनिवारी, सोळा तारखेला, टायर आले. पाच आठवड्यांचे! ताजे! मी समोर उभा राहून बसवून घेतले, हवा स्वतः मोजली, दोनदा. संध्याकाळी घरी आलो, दारातूनच ओरडलो, "पोहोचतोय गं! उद्या पहाटे निघायचं!" आणि बघतो तर काय... कोचावर ताई! पाय वर घेऊन, चहा पीत!

"ताई? तू? कशी आलीस?"

"बसने. दोन बदलाव्या लागल्या. ड्रायव्हरला टायर कुठले, ते काही मी विचारलं नाही बाबा."

ह्या दोघींनी पंधरा दिवसांपूर्वीच सगळं ठरवलं होतं! ताईचे कागद मागवले, इथल्या डॉक्टरांना दाखवले, ऑपरेशन इकडेच, तारीखही तीच. म्हटलं, मला का नाही सांगितलंत? बायको म्हणाली, "तुम्ही नीट बघत होतात. म्हटलं बघू देत." आणि ताईने माझा हात धरून शेजारी बसवलं, म्हणाली, "तू आला नसतास असं नाही रे छोट्या. पण मला भीती वाटत होती, आणि तुझे टायर काही येईनात." चूक माझी. सरळ सांगतो, रडू आलं मला.

सोमवारी सकाळी ताईला गाडीत बसवलं. काय चालली गाडी, अहाहा! आवाज नाही, हादरा नाही, पडद्यावर आकडा दोनशे चौऱ्याऐंशी! मी ताईला लेबल समजावून सांगायला लागलो, पहिलं अक्षर सांगून झालं, दुसऱ्यावर आलो, आणि हॉस्पिटल आलं. आकडा अजून दोनशे त्र्याऐंशीवर. ताई खाली उतरली, मागे वळून आमची गल्ली बघितली आणि म्हणाली,

"एवढंच होय? मग चालतच आलो असतो की रे!"