शहागंजातली दुसरी चापट

आजच्या समारंभाचं अध्यक्षपद ज्यांनी एका फोनवर स्वीकारलं ते प्राचार्य कडुबा बनकर सर, मुंबईहून सकाळच्या गाडीनं आलेले आपल्या वाहिनीचे राजकुमार साहेब, जिला निरोप द्यायला आपण जमलो आणि जी मघापासून मेकअप सांभाळत रडते आहे ती आपली प्रेरणा, व्यासपीठावर बसायला साफ नकार देऊन पहिल्या रांगेत पानाचा डबा उघडून बसलेल्या आमच्या आवडाबाई, आणि शहागंज, पुंडलिकनगर, पार पिशोरहून जीप करून आलेले माझे मायबाप प्रेक्षक, तुम्हा सगळ्यांना या करुणाचा मनापासून नमस्कार.

‘सोसाटा’ ही मालिका मी लिहिते आणि दिग्दर्शित करते. बायकोनं ओढून आणलं म्हणून आलेली काही मंडळी मागच्या रांगांत दिसताहेत, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. शहागंजात साडीच्या दुकानात कामाला असणारी एक साधी मुलगी. कुठं अन्याय दिसला, की तिच्या अंगात सोसाट्याचं वारं भरतं आणि मग समोरचा कितीही दांडगा असो, त्याची धडगत नाही. बाहेरच्या देशातल्या वीरांना रबराचे मुखवटे लागतात. आपल्या शहरातली पोरगी उन्हात स्कूटी काढते तेव्हा स्कार्फनं तोंड बांधतेच, डोळे तेवढे उघडे. आम्ही तोच स्कार्फ घेतला, जांभळा. पहिलं पर्व संपेपर्यंत शहागंजात जांभळा स्कार्फ मिळेनासा झाला, हे इथल्या व्यापारी बंधूंना विचारा.

दोन पर्वं ही सोसाटा प्रेरणानं साकारली. आता तिला मोठा चित्रपट मिळालाय. ती निघाली याचं वाईट वाटतं का? वाटतं, का नाही वाटणार? पण मालिका थांबणार का? मुळीच नाही. तिसऱ्या पर्वाचं चित्रीकरण याच शहरात होणार. शिवाय ‘सोसाटा’तून फुटलेली एक नवी मालिका येते आहे, आवडाबाईंची. त्या आपल्या मालिकेत गोजरबाई होतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. नव्या मालिकेत गोजरबाई पिशोरच्या बाजारात भाजी विकणार आणि तोंड बांधलेली कुठलीही पोरगी कुणाची कोण, हे नुसत्या चालण्यावरून ओळखणार. आवडाबाईंची एकच अट आहे, सेटवर पानाला मनाई नको. मान्य आहे, बाई. पिचकारी तेवढी कॅमेऱ्याच्या दिशेनं नको.

राहिला खरा प्रश्न. प्रेरणानंतर सोसाटा कोण? राजकुमार साहेबांचं म्हणणं होतं, मुंबईचा ओळखीचा चेहरा घेऊ. माझ्या मनात एकच मुलगी होती. तिचं नाव अमृता. ती पुंडलिकनगरात राहते, औषधाच्या दुकानात काम करते आणि आयुष्यात कधी नाटकात उभी राहिलेली नाही. तुम्ही म्हणाल, या बाईचं डोकं फिरलंय. थांबा जरा. प्रेरणानं आज मला बजावलंय, की शाल, श्रीफळ काही नको, अमृताची गोष्ट तेवढी सांगा. तेव्हा सांगते.

दुसऱ्या पर्वातला शहागंजातला प्रसंग आठवतो ना? गोजरबाईच्या गळ्यातली पोत एक गुंड ओढतो, सोसाटा येते आणि भर बाजारात त्याला दोन चापटा देते. त्या प्रसंगासाठी प्रेरणाला उत्कृष्ट अभिनयाचं पारितोषिक मिळालं. तो प्रसंग आम्ही कॅमेरे लपवून घेत होतो, कारण कॅमेरा दिसला की आपलं शहागंज कामधंदा सोडून कॅमेऱ्यापुढं उभं राहतं. आमचे छायालेखक सत्यम एका कापडदुकानाच्या गच्चीवर होते. त्यांना सांगितलं होतं, जांभळ्या स्कार्फवाली स्कूटी दिसली की तिच्यामागं कॅमेरा न्यायचा, हलायचं नाही. सत्यम शब्दाला पक्का माणूस. जांभळा स्कार्फ दिसला, त्यांनी धरला. आता मला सांगा, आमच्याच मालिकेनं अख्ख्या शहराच्या पोरींना जांभळा स्कार्फ बांधायला लावलेला, आणि आम्ही खूण म्हणून तोच ठेवतो. याला काय म्हणावं?

प्रेरणा तिकडं हातगाड्यांच्या गर्दीत अडकली होती. सत्यमनी धरली ती अमृता, आईसाठी वातींचा कापूस आणायला निघालेली. तिनं पाहिलं, एक आडदांड माणूस म्हातारीला ढकलून तिच्या गळ्याला हात घालतोय. गाडी लावली, गेली आणि दिली ठेवून. तो गुंड म्हणजे आमचा शिवम, बिचारा गाल धरून म्हणाला, “दीदी, शूटिंग है.” अमृतानं वर पाहिलं, खाली पाहिलं, आवडाबाईंकडं पाहिलं आणि म्हणाली, “शूटिंग असलं म्हणून काय झालं? म्हातारीला ढकललं ते खरंच ढकललं ना?” आणि दुसरी दिली.

पहिली गैरसमजातून होती, हो. दुसरी समजूनउमजून होती. लोकहो, मी तीस भाग लिहिले, पण माझ्या सोसाट्याला असं वाक्य एकदाही सुचलं नाही. ओठ स्कार्फमागं होते, म्हणून आम्ही त्यावर प्रेरणाचा आवाज बसवू शकलो. अमृताला विचारूनच प्रसंग दाखवला. ती हसत हो म्हणाली. पण स्कार्फखाली प्रेरणाऐवजी दुसरं कुणी असेल, तर ते कधीच सांगायचं नाही, असा वाहिनीचा नियम. पारितोषिकाच्या व्यासपीठावर खरं सांगायला निघालेल्या प्रेरणालाही त्याच नियमानं गप्प बसवलं. गल्लीत अमृता सांगायची, ती मी होते. गल्ली हसायची. शहरातली प्रत्येक पोरगी हेच म्हणत होती, हिचं कोण खरं मानणार?

तिसऱ्या पर्वासाठी मी अमृताकडं गेले. पोरगी एका पायावर तयार. दुकानात उभ्या उभ्याच म्हणाली, “मॅडम, मला हे करायचंय. मला दुसरं काहीच इतकं करावंसं वाटलं नाही.” पण तिच्या आई, वच्छलाबाई, नाय म्हणाल्या. चहा दिला, पोहे दिले आणि नाय म्हणाल्या. परत गेले, परत पोहे, परत नाय. मी आपली हुशार. मनाशी ठरवून टाकलं, की लग्नाची पोर आहे, टीव्हीवर तोंड दिसलं तर स्थळं येणार नाहीत, ही यांची भीती. मग साहेबांशी भांडले. म्हटलं, साहेब, तिचा चेहरा पूर्ण पर्वात कुठंही दिसणार नाही, मग मुंबईचा काय आणि पुंडलिकनगरचा काय, तुम्हाला काय फरक पडतो? साहेब दिलदार माणूस, लेखी कबूल झाले.

काल पेढे घेऊन वच्छलाबाईंकडं गेले. म्हटलं, काळजी मिटली, पोरीचं तोंड एकदाही उघडं पडणार नाही. बाईंनी पेढ्यांचा पुडा उघडलाच नाही. म्हणाल्या, “काहून? माझ्या लेकीनं काय चोरी केली का? हानलं तिनं आन बक्षीस नेलं दुसरीनं. गल्लीतले लोक आजून तिला लबाड म्हणायलेत. परत तोंड बांधूनच उभी करायची असंल, तर नगंच मला तुमची शिरियल. उघड्या तोंडानं करंल, नाय तर करणार नाय.”

मी तिथंच खाली बसले. मला इतका आनंद झाला, की पेढ्यांचा पुडा मीच उघडला आणि पहिला पेढा त्यांच्या हातावर ठेवला.

राजकुमार साहेब, ही गोष्ट तुम्हाला आत्ता, सगळ्यांबरोबरच कळते आहे. आधी सांगितली असती तर तुम्ही बैठक बोलावली असती. तिसऱ्या पर्वाचा पहिला प्रसंग मी रात्रीतून लिहून काढलाय. भर शहागंजात सोसाटा स्वतःच्या हातानं स्कार्फ सोडते आणि म्हणते, मी अमृता. ओळखीचा चेहरा हवा होता ना तुम्हाला? पहिल्या भागानंतर याच्याइतका ओळखीचा चेहरा मराठवाड्यात दुसरा उरणार नाही, हा माझा शब्द. तरीही नाही म्हणायचं असेल, तर माझ्या कानात सांगू नका. वच्छलाबाई तिसऱ्या रांगेत बसल्यात, हिरव्या लुगड्यातल्या. त्यांना सांगा.

साहेबांनी होकाराची मान डोलावली. बनकर सर, तुम्ही अध्यक्ष आहात, तुम्ही पाहिलंत. आवडाबाई, तुम्ही पण पाहिलंत. झालं तर मग.

प्रेरणा, तुला निरोप देताना कुणाला जड जात नसेल असं समजू नकोस. मोठी हो, आणि सेटवर वेळेवर जेवत जा. सभागृह देणाऱ्या मंडळाचे, ऊन अंगावर घेऊन आलेल्या तुम्हा सर्वांचे आभार. ज्यांची नावं राहिली त्यांनी रागावू नये, भाषणाच्या भरात अधिकउणं बोललं गेलं असेल ते पदरात घ्यावं. शिवम, तुझा गाल दुखला त्याचीही माफी याच्यातच धर.

अमृता, वर ये बाळा. अशीच ये, स्कार्फ तिथं खुर्चीवर राहू दे. वच्छलाबाई, डोळे पुसा आता. बघा की, सगळा हॉल तुमच्या लेकीकडं बघायलाय.