उपाशीपोटी घ्यायचं नाही ते नाव

...नाही, नाही, हसू नका, आधी ऐकून घ्या! तुम्ही शहाणीसुरती माणसं, तुम्हाला वाटणार, गावाचं जुनं नाव शोधायचं म्हणजे काय मोठं, पुस्तक उघडायचं, बोट फिरवायचं, हे सापडलं! असं असतं तर आमच्या कारभाऱ्याची पायताणं झिजली नसती. अहो, म्हैस हरवली तर चार गावांत विचारता येतं. शिंगं अशी, कपाळावर चांद असा. पण गावाचं नाव हरवलं तर विचारायचं काय म्हणून? 'राम राम पाव्हणं, आमच्या गावाला काय म्हणतात?' समोरचा तोंडावर पाणी मारतो! आणि मारायला पाणी तरी कुठं होतं, बहात्तरचा दुष्काळ तो...

तर कारभारी म्हणजे आमचा सरपंच. सरपंच कसा झाला? निवडणुकीच्या दिवशी तो एकटाच गावात हजर नव्हता, म्हणून झाला. गाव पाथर्डीच्या वरल्या अंगाला, सरकारी कागदावर नाव पल्याडवाडी. आता कशाच्या पल्याड? ओढ्याच्या म्हणावं तर ओढा गावाला वळसा घालून जातो, म्हणजे चहूकडून पल्याडच! खरं नाव निराळं. पण ते उपाशीपोटी घ्यायचं नाही. घेतलं किंवा नुसतं कानावर पडलं, की त्या दिवशी अन्नाशी गाठ नाही. तोंडं वाकडी करू नका, तुमच्याकडंही असलं एखादं गाव आहे, आणि तुम्हीही सकाळच्या पारी 'ते गाव' म्हणूनच पुढं सरकता. मला ठाऊक आहे! पण दुसऱ्याच्या गावाला 'ते गाव' म्हणणं सोपं हो, इथं स्वतःचंच तसलं! इंग्रजाच्या वेळी मोजणीवाला आला, तो मेला सकाळीच आला. 'गाँव का नाम?' आमचे आजे-पणजे एकमेकांच्या पागोट्यांकडं बघतात. शेवटी एकजण हात करून म्हणाला, 'त्ये व्हय... पल्याडचं.' झालं! लिहिलं त्यानं पल्याडवाडी, आणि खरं नाव म्हाताऱ्यांच्या पोटात जाऊन बसलं. एक म्हातारी माती झाली की नाव आणखी एक वीत खाली.

अशात दुष्काळ पडला. सरकारनं कामं काढली, पण आमच्या नशिबी खडी फोडायचं काम आलं ते पार दहा कोसांवर. अर्धी घरं कुलपं लावून गेली. उरलेली पोरंबाळं, म्हातारी, आणि त्यांच्या मागं अडकलेली माणसं. शिमग्यापर्यंत गाव उठणार हे कारभाऱ्याला दिसत होतं, आणि एकदा उठलेलं गाव पुन्हा बसतं का? मग त्याला आठवलं गावामागचं जुनं तळं, गाळानं भरलेलं. तिथंच काम निघालं तर घरातून निघून घरात परत! गेला तालुक्याला, दुष्काळी कामांच्या साहेबाकडं.

साहेब म्हणाला, 'गाळ काढायला लगेच मंजुरी देतो. पण तळं सरकारी असल्याचा जुना पुरावा आणा. मोजणीच्या आधीच्या इंग्रजी गॅझेटियरमध्ये, जिल्ह्याच्या माहितीच्या ग्रंथात, असणार. पल्याडवाडी हे नाव मोजणीनंतरचं, त्या नावाखाली तळं मिळणार नाही. जुन्या नावानं शोधा.'

'जुनं नाव काय साहेब?'

'अहो, सरपंच तुम्ही का मी?'

कारभारी तसाच माघारी, थेट त्याच्या आत्याच्या उंबऱ्यावर. राहीबाई, गावातली सगळ्यात जुनी. दात नाहीत, पण जीभ आहे, आणि तिला धार आहे.

'आत्ये, आपल्या गावाचं खरं नाव सांग.'

'आत्ता? सकाळच्याला? भांग प्यालास का कारभाऱ्या?'

'मग दुपारी येतो.'

'दुपारी तरी कुठं जेवती मी?'

'रातच्याला?'

'रातच्याला अर्धी भाकर खाती, तिला का जेवन म्हनत्यात? पोट भरल्याबिगर त्ये नाव तोंडातनं काढायचं न्हाई, आन् मी तर पोट भरल्यालं पार गेल्या दिवाळीला हुतं!'

आली का पंचाईत? तुम्हाला सांगतो, ब्रह्मदेवानं गाठ मारली असती तर सुटली असती, ही सुटेना. पोट भरल्याबिगर नाव नाही, आणि नावाबिगर पोट भरत नाही!

कारभारी हट्टाला पेटला. म्हणाला, भरतोच आत्याचं पोट! घरातल्या लाल मिलोच्या, रेशनवरच्या परदेशी ज्वारीच्या, सगळ्या भाकरी टोपल्यासकट उचलल्या. बायको बायडाबाई दारात आडवी. 'अवं, आपल्या पोरांनी काय तुमचं गॅझेट खायाचं?' तिला ओलांडून गेला. राहीबाईनं एक भाकर खाल्ली, दुसरी हळूच पदराखाली गेली, नातवासाठी. तिसरीही गेली. चौथी सुनेला.

'भरलं का पोट, आत्ये?'

'माझं कसं भरंल? नातू भरल्याला दिसल्याबिगर माझं भरत न्हाई.' आणि ढेकर दिला की हो म्हातारीनं! ढेकर दिला आणि नाव नाही दिलं!

मला विचाराल, तुम्हाला ठाऊक नव्हतं का? मला कोण सांगतंय! मी रोज पहाटे पारावर चढून ओरडलो असतो, गाव लंघन करताना बघितलं असतं. माझी कीर्तीच तशी.

शेवटी कारभारी नगरला गेला. तिथल्या एका वाचनालयात ते गॅझेटियर होतं, उशाला घेतलं तर मान मोडेल एवढं, आणि अख्खं इंग्रजीत. ग्रंथपालानं चष्मा नाकावर ढकलला. 'गाव कोणतं?'

'त्येच बघाया आलोय.'

'नाव सांगा, मागं सूची आहे, लगेच सापडेल.'

'नाव असतं तर नाव बघाया आलो असतो का?'

'अहो, नावाशिवाय नाव कसं शोधू?'

'मास्तर, पोरं उपाशी हायेत हो...' एवढं बोलून कारभारी खालीच बसला. ग्रंथपाल घाबरला. त्यानं तालुक्यातल्या पडीक तळ्यांचं पान काढलं आणि एकेक गाव वाचून दाखवलं, आधी इंग्रजांनी स्पेलिंगात मोडलेलं, मग त्यानं मराठीत जोडलेलं. कारभाऱ्यानं कॅलेंडरच्या पानामागं सगळी लिहून घेतली.

'यातलं तुमचं कोणतं?'

'काय की.'

'स्वतःचं गाव ओळखू येईना?'

'मास्तर, माझ्या आयनं माझ्यासमोर त्याचं नाव कधी घेतलं न्हाई. माझ्या बापाचंबी घेतलं न्हाई, पन बापाला मी तोंडावरनं वळखतो!'

येताना एसटीच्या मागच्या बाकावर, हाडं खिळखिळी होता होता, कारभाऱ्याच्या डोक्यात उजेड पडला. सांगणार नाहीत ना? बरं! पण ऐकून तर घेतील!

दुसऱ्या दिवशी सकाळी, मुद्दाम सकाळी, मारुतीच्या पारावर गाव बोलावलं. सगळे उपाशी. कारभाऱ्यानं कागद उघडला. पहिलं नाव... गप्प. दुसरं... कुणीतरी जांभई दिली. तिसरं, चौथं, पाचवं... राहीबाई डोकं खाजवत बसलेली. आणि मग एक नाव तोंडातून निघायचा अवकाश, सण्णकन पायताण आलं कानशिलावरून! बाया कानांवर हात ठेवून मटकन खाली. आमचा भिमाजी पहिलवान, वळूला शिंगं धरून लोळवणारा, धोतर सावरत पळाला!

'मुडद्या, आजच्या अर्ध्या भाकरीलाबी मुकवलंस!' राहीबाईनं दुसरं पायताण शोधायला घेतलं, आणि कारभारी पारावर नाचतोय, 'सापडलं! सापडलं!'

मंजुरी आली. कुठल्या नावानं? जुन्या नावानं! आणि खाली ठळक, काम फक्त त्याच गावच्या लोकांना. पहिल्या दिवशी सूर्य उगवायला सगळं गाव कुदळी-पाट्या घेऊन तळ्यावर हजर. हजेरी कारकून टेबल मांडून बसला.

'नाव?'

'भिमाजी.'

'गाव?'

भिमाजी आभाळाकडं बघतो. 'पल्याडवाडी.'

'हे पल्याडवाडीचं काम नाही. बाजूला व्हा. पुढचा! गाव?' पुढचा जमिनीकडं बघतो. आपल्याच तळ्याच्या काठावर गाव परकं झालं हो! पोट भरल्याबिगर नाव नाही, आणि नावाबिगर...

कारभाऱ्यानं टोपी काढली, टेबलाशेजारी उभा राहिला, आणि प्रत्येकाच्या वाटचं नाव स्वतः घेत गेला. 'गाव?' की कारभारी बोलणार. 'गाव?' की कारभारी. बाया-बाप्ये सगळे कानांत बोटं घालून पुढं सरकायचे, अंगठा उठवण्यापुरतं एक काढायचे. ऊन डोक्यावर आलं, सुकडीची, म्हणजे दुष्काळी कामावर वाटायच्या सरकारी गोड पिठाची, गाडी आली, ज्यांची हजेरी लागली ते रांगेत, आणि हा उपाशीपोटी नाव घेतोच आहे, घेतोच आहे. शेवटचा माणूस लिहून झाला. ताट घेऊन सुकडीच्या पिंपाशी गेला, आत वाकून बघितलं... बुडाशी उलथनं नुसतं खरखरलं. संपली!

अख्खं गाव खातंय, आणि हा मोकळं ताट धरून उभा. बाजूला राहीबाई नातवाला भरवतेय, स्वतः खातेय. पोट भरलेलं, दिवाळीनंतर पहिल्यांदा.

'बघ, सांगत हुते का न्हाई?' ती बोटं चाटत म्हणाली. 'उद्या हजेरीला पुन्हा तूच उभा ऱ्हा रं बाबा. तू आता बाटलाच हायेस!'

कारभाऱ्यानं टोपी डोक्यावर ठेवली. ताट काखेत मारलं, आणि कारकुनाला विचारलं, 'साहेब, उद्या किती वाजता?'