बेल बदलायची नाय

—नाय नाय साहेब, ती विकायची नाय, ती गिऱ्हाइकाची हाय, दुरुस्तीला आलीय. तुम्ही बसा त्या बाकड्यावर, जरा अलीकडं सरकून बसा, त्या टोकाला ऑइल सांडलंय, पँट चांगली हाय तुमची. तुमचं काम चालूच हाय बघा — टायर उतरवला, ट्यूब बाहेर काढली, आता हवा भरायची, पाण्यात बुडवायची, बुडबुडे कुठनं येतात ते बघायचं, ठिगळ लावलं की तुम्ही मोकळे. आणि सायकलचं दुकान बघून घाबरू नका हो, बाईकचं पंक्चर पण पोलादपुरात श्रीपतच चांगलं काढतो. नुसत्या सायकलीवर आता कुणाचं भागतंय? पोराला मिसरूड फुटलं की बापाच्या मागं लागतो, गाडी दे म्हणून. पण ती जांभळी लेडीज सायकल तुमच्या नजरेत भरली ना, नजर चांगली हाय तुमची. बहिणीसाठी बघताय म्हणलात — बरं वाटलं ऐकून. हल्ली बहिणीला मोबाईल देतील, सायकल कोण देतंय!

काय गो? — आलो, आलो, हातात ट्यूब हाय माझ्या! — आमची मंडळी हो, तुळसा. दुकानाच्या मागंच घर, मध्ये नुसता पडदा, त्यामुळं मी हितं काय बोलतो ते तिला तिकडं चुलीपाशी ऐकू जातं, आणि मग जेवताना त्याचा हिशेब होतो. पण दुकान चालतं तिच्यावर, खोटं कशाला बोलू. चाकाचा आऊट काढावा तर तिनंच, तारा अशा ओढते की चाक सरळ फिरलंच पाहिजे. चाळिशी उलटल्यावर सायकल शिकली — ह्याच अंगणात, साडी नेसून — आख्खी आळी हसायला जमली होती. आता माझी सायकल घेऊन बाजाराला जाते आणि हसणाऱ्या बायकाच तिला सामान आणायला सांगतात. कमी बोलते मात्र. मी जे बोलतो ते तिच्या वाटणीचं पण बोलतो, असं तीच म्हणते.

हां, आता बघा, ट्यूब पाण्यात घातली — हळू फिरवायची — हितं नाय — हितं नाय — अजून तरी बुडबुडा नाय एकही. असतं एखादं बारीक, काट्याचं. हवा एकदम गेली म्हणलात ना तुम्ही, स्टँडच्या पुढं? मग मोठं भोक पाहिजे खरं तर. आणि हवा भरायच्या वालला टोपण नाय तुमच्या, पडलं असेल कुठं तरी, माझ्याकडं जुनी हायेत, देतो एक. — कुणाची म्हणता? ती सायकल? एका पोरीची. नवीनच हाय आमच्याकडं, पावसाळ्यापासून येते. रोज सकाळी सायकल हितं माझ्या दारात लावते आणि समोरनं कंपनीच्या बसनं महाडला एमआयडीसीत जाते, पॅकिंगला. संध्याकाळी बसमधनं उतरते, तुळसाच्या हातचा अर्धा कप चहा घेते आणि चढावर ढकलत नेते बिचारी, नायतर वडापचा जीपवाला टपावर टाकतो. एवढं लांबडं नाव — प्रियदर्शिनी — आमच्या तोंडात बसत नाय, आम्ही आपलं दर्शनी म्हणतो. तुळसाचा तर जीव जडलाय तिच्यावर. आम्हाला मूलबाळ नाय ना, म्हणून असेल. मला पण बरं वाटतं ती आली की. खोटं कशाला बोलू.

विकणार नाय ती, विचारून उपयोग नाय. साधी बेल बदलू देत नाय, सायकल कुठली विकते! ती बेल बघा — खटक्याची स्प्रिंग कधीची गेलीय, कुणाला वाजत नाय ती, मला वाजत नाय, तुळसाला वाजत नाय. मी म्हणलं, अगो नवी लावतो, घाटाचा रस्ता, वळणावर वाजवावी लागते. तर म्हणली, नको काका, बेल बदलायची नाय, दादानं बसवलीय. मग नवी बेल परत डब्यात टाकली.

— आता तुम्हाला एक गंमत दाखवतो, पंक्चर सापडेपर्यंत. तुम्ही विचारलंत ना, कुठली पोरगी? तिनं मला गाव सांगितलं नव्हतं. मी विचारलं तर इकडचं तिकडचं बोलली. पण श्रीपतला सांगावं लागत नाय साहेब, सायकल दारात उभी राहिली की तीच बोलायला लागते. हे मडगार्डच्या आत बोट फिरवा, फिरवा, कपड्याला पुसा मग. तांबडी माती, आणि ताजी. अशी माती डोंगर नुकता फोडलाय तिथंच मिळणार, आणि डोंगर फोडतायत कुठं, तर कापडे गावाच्या वरच्या अंगाला, नव्या रस्त्यासाठी. जेसीबी दिवाळीपासून तिथंच पडलाय. बरं, ही ब्रेकची रबरं बघा, मी कालच काढली तिच्या सायकलीची. पावसाळ्यात घातलेली, आणि पापड झालाय त्यांचा! म्हणजे रोज मोठा उतार उतरून येते पोरगी. आणि चेनमध्ये हे काय अडकलंय? पेंढा म्हणाल, तर भाताचा नाय, नीट बघा, नाचणीचा हाय. खाली कापड्यात सगळा भात. नाचणी पिकते ती वर, वाड्यांवर. आणि वर वाड्या दोनच, त्यातल्या एकीला सायकल जाईल अशी वाटच नाय. मग राहिली कुठली? — बरोब्बर! तुम्हीच बोललात बघा! मी नाव पण नाय घेतलं. हुशार हाय तुमचं डोकं.

आलीस गो? घ्या साहेब, चहा घ्या. — काय बघतेस एवढी त्यांच्याकडं? गिऱ्हाईक हायेत, बहिणीसाठी सायकल बघतायत. — मला आत कशाला बोलावतेस सारखी, चहा तर हितंच आणलास! — काय? चहापत्ती संपली? मग आण जाऊन, मला काय विचारतेस, मी काय तुला अडवलंय? — गेली. बघा, ही अशी तऱ्हा. आणि चहात साखर घालायची विसरली वाटतं, तुमच्यात हाय का? नाय ना? कधी विसरत नाय हो ती.

तर मी काय सांगत होतो — हां, गंमत. मी मागं एकदा तिला वाडीचं नाव ओळखून सांगितलं, तर पोरीचा चेहरा पांढरा पडला. म्हणली, काका, माझ्याबद्दल कुणी विचारलं तर माहीत नाय म्हणून सांगा. मी म्हणलं, का गो, चोरी केलीस? तर हसली नुसती. तेव्हापासून मी कुणाला सांगत नाय. आता तुम्ही काय, बहिणीसाठी सायकल बघणारे, तुम्हाला सांगायला काय होतंय. आणि भेटायचं असलं तरी ती आज यायची नाय, आज सुट्टी हाय तिची. काल ब्रेकसाठी सायकल टाकून नवऱ्याच्या गाडीवर गेली. साहिल त्याचं नाव, तो पण कंपनीत, आज दुपारपाळीला गेला, माझ्याच दारावरनं गेला हात करून. गरीब पोरगा. घरात म्हातारी हाय त्याची, राहीबाई, तिला ऐकू येत नाय. आणि बाकीची वाडी आता कापणीला खाली उतरलीय, सगळी शेतात. फोन? फोन कुठला लागतोय वर. रेंज कापड्याच्या फाट्यापर्यंत, पुढं नाय. काय सांगायचं असेल तर माणसानंच चढून जावं लागतं.

फाट्यावरनं आठवलं, आमचा चांगू दूधवाला सांगत होता, सकाळपासून तिथं एक पांढरी गाडी उभी हाय, काचा वर, आत तिघंचौघं. उतरत नायत, चहा घेत नायत. मी म्हणलं, असतील महाबळेश्वरला जाणारे, वाट चुकले असतील. तुळसा मात्र तेव्हापासून गप हाय. सकाळपासून तिचं काय बिनसलंय कळत नाय.

छ्या, हे काय हो? आख्खी ट्यूब दोनदा फिरवली, एक बुडबुडा नाय. वालला थुंकी लावून बघितली, तिथनं पण हवा जात नाय. टायरला आतनं हात फिरवला — खिळा नाय, काच नाय, काटा नाय. चांगली ट्यूब हाय ही. एवढी वर्षं हा धंदा करतोय, असं पंक्चर मी बघितलं नाय. अशी हवा जात नाय साहेब. अशी हवा कुणी तरी सोडावी लागते. पोरंटोरं असतील स्टँडवरची, दुसरं काय—

— वाजली.

बेल वाजली ती? तुम्ही वाजवलीत?

नाय, म्हणजे — ती कुणाला वाजत नाय. खटका आधी मागं ओढायचा, मग अंगठ्यानं वर उचलून दाबायचा, ते दर्शनीनं मला चार वेळा दाखवलं तरी मला जमलं नाय. तुम्ही तर बेलकडं बघत पण नव्हतात. सहज हात टाकलात, आणि वाजली.

हातात काय हाय तुमच्या? मघापासून बोटात फिरवताय ते? मला वाटलं सुपारी हाय. वालचं टोपण हाय ते. तुमच्याच गाडीचं.

तुळसा! — तुळसा गो! — चहापत्ती आणायला गेली ना ती. पण चहापत्ती मी सकाळी आणलीय. मीच आणलीय, आख्खा पुडा. थांबा जरा, मागं बघून येतो — नाय, थांबतो, हितंच थांबतो, पडदा उघडाच हाय, हितनं पण दिसतंय. मागच्या दाराशी माझी सायकल नाय.

तिला सगळं माहीत होतं. दर्शनीनं तिला सांगितलं असेल, मला नाय सांगितलं, बरोबर केलं, माझं तोंड हे असं. म्हणून बोलावत होती मला आत. आणि मी बसलो माती दाखवत.

बसा हो साहेब, उठताय कशाला, चाक माझ्या मांडीवर हाय तुमचं, चाकाशिवाय कुठं जाणार? ट्यूब खराब हाय. मघाशी चांगली म्हणलो ती चूक माझी, जुनी झालीय, नवीच टाकावी लागेल, आणि ती महाडवरनं आणावी लागेल, संध्याकाळ होईल. तोपर्यंत दुसरा चहा घ्या, साखरेचा. आणि ते नाचणीचं म्हणलो ना मी, त्याचं काय मनावर घेऊ नका, मला लांबचं जवळचं काय दिसत नाय, भाताचाच पेंढा तो. तांबडी माती तर काय, कशेडीच्या अंगाला पण हाय, महाडकडं पण हाय, कुठं पण हाय. मी बोलतो काय पण, गिऱ्हाईक बसावं म्हणून. कुणाला पण विचारा बाजारात, श्रीपत थापाडा हाय म्हणून सांगतील.

ऐका माझं. ती बेल. मी नवी फुकट लावून देतो म्हणलं तिला, आजचा माल, चांगला आवाज, तरी नको म्हणली. साहिलबरोबर घरातनं निघताना काय आणलं असेल तिनं? अंगावरचे कपडे आणि ही सायकल. आणि रोज त्या वळणावर ती बेल वाजवते ती, मागं ओढून, वर उचलून, तुम्ही शिकवलीत तशी. ज्यानं ही बसवली त्याच्या मनात तिच्याबद्दल काय असेल, मला माहीत हाय हो, मला कळतंय तुमच्या तोंडाकडं बघून, नाक पण तेच हाय, मला मघाशीच दिसायला पाहिजे होतं—

कुणाला फोन लावताय?

त्या गाडीला? फाट्यावरच्या? वाडीचं नाव सांगू नका त्यांना. मी सांगितलेलं खोटं हाय, मी म्हणलं ना, सगळं खोटं हाय. तुळसा त्याच रस्त्यानं गेलीय हो, सायकलवर हाय ती, चढ हाय, अजून फाटा पण आला नसेल तिचा. फोन ठेवा. साहेब, फोन ठेवा तुम्ही.

ठेवा ना. दादा—