कोरमले एक कमी

तुम्ही कोरमवरून भांडून राह्यले, म्हणून सांगतो. आमच्या कम्प्युटरवाल्यांच्या राष्ट्रीय संस्थेच्या बुलढाणा शाखेची वार्षिक सभा ऑनलाइन होती, अन् कोरमले एक माणूस कमी. तेवढ्यात पडद्यावर नाव आलं, इंगळे सर. शाखा उभी करणारे इंगळे सर मागच्याच महिन्यात वारले होते.

त्यायच्या बायकोचा, आमच्या काकूंचा आवाज आला, "यायची सभा कधी चुकली नाही, म्हणून यायच्याच नावानं लावलं."

सचिव घाईचा. "अध्यक्षसाहेब, झाला कोरम. घ्या मोजून, कोण पाहते?"

अध्यक्ष तडकले, "नाही बे! गैरहजराले हजर धरू नाही, हे सरांनीच शिकवलं."

"मंग मी बंद करू?" काकूंनी विचारलं.

"नाही काकू, थांबा. सभा अर्धा तास तहकूब. मंग नियमानं जेवढे हजर, तेवढे पुरे."

त्या अर्ध्या तासात कोणीच उठलं नाही.