सुगंधाने अडवलेलं प्लास्टर

(घाटकोपर, १९८७. हॉस्पिटलची प्लास्टर-रूम, दुपारचे तीन. टेबलावर जाळीच्या कापडाला प्लास्टरची पावडर चोळून पट्ट्या गुंडाळणं चाललं आहे.)

जानकी : ...आता ती वही मीट बघू. सकाळपासून एकच पान चाटतेयस. स्टूल ओढ, अशी माझ्याजवळ सरक आणि कान इकडे दे. उद्याच्या परीक्षेला पुरेल असं आख्यान सांगते तुला. ह्याच खोलीत घडलंय, म्हणून पदरचा मसाला घालायची गरज नाही.

नीला : मावशी, प्लीज ना. पायाला वजन लावायचं अख्खं प्रकरण राहिलंय माझं. वाट लागणार आहे उद्या.

जानकी : हात पट्ट्यांवर ठेव, कान माझ्याकडे. देवळात बायका वाती वळत कीर्तन ऐकतात, त्यांचं पुण्य काही कमी पडत नाही.

दत्ताराम : ऐक गो, नीला. तिचो पूर्वरंग सुरू झालो की ब्रह्मदेव इलो तरी थांबाचो नाय. पंधरा वर्षां मी ह्या खोलीत पट्टे भिजवतंय आणि हिचां ऐकतंय.

जानकी : दत्ताराम, तुम्ही मागे उभं राहून टाळ धरा. बुवा मी आहे.

दत्ताराम : बरां, बुवा. चालूंदे.

जानकी : तर बाई, तीन वर्षांमागे ह्या वॉर्डात फरशी पुसायला सुगंधा होती. देवगडकडची. नवरा गिरणीत, आणि ती गिरणी संपानंतर उघडलीच नाही. शिक्षण चौथी. पण फरशी पुसता पुसता तिची नजर खाटांवर. कुणाचा मोडका पाय उशीवरून घसरला की फडका टाकून, हात धुऊन, आधी तो पाय नीट करायची. हाडांचे डॉक्टर सबनीस साहेब, त्यांनी हे दोन-चारदा पाहिलेलं. मग त्यांनी हे तुमचं ट्रेनिंग काढलं, आया, वॉर्डबॉय, ड्रेसर सगळ्यांसाठी. मोडलेलं माणूस उचलायचं कसं, फळी बांधायची कशी, प्लास्टर घातल्यावर राखण करायची कशी. पहिल्या बॅचला अकरा नावं घेतली. अकरावं सुगंधाचं.

नीला : चौथी पास? आमच्याकडे तर दहावीची मार्कशीट मागितली.

दत्ताराम : म्हणान तर बोंब झाली. सिस्टर सुहासिनी सरळ म्हणाल्या, साहेब, जिला नोट्स उतरवता येत नाहीत तिच्या हाती पेशंट कसा द्यायचा?

जानकी : त्यांचंही चूक नव्हतं हो. शेवटी तोडगा निघाला. बाकी दहाजण नापास झाले तर महिन्याने परत बसतील. सुगंधाला एकच खेप. पास झाली तर प्लास्टर-रूम, नाही तर बादली आणि फडका, आणि पुन्हा ह्या ट्रेनिंगचं नाव काढायचं नाही.

नीला : हे काय यार. सगळ्यात कच्ची ती, आणि तिलाच एक चान्स?

जानकी : देव परीक्षा घेतो ती भक्ताची. अभक्ताच्या दाराशी तो जात सुद्धा नाही. बरं, वर्ग सुरू झाले. सुगंधाची वहीत एक ओळ व्हायची तोवर सिस्टर पुढच्या पानावर. पहिला महिना ती रोज घरी जाऊन रडली. नवरा म्हणाला, सोड गं, कशाला ताप करून घेतेस. ती सोडणार तर मग सुगंधा कसली? शनिवारी आम्ही दोघी असल्फ्याच्या देवळात कीर्तनाला बसायचो. एका शनिवारी बुवा म्हणाले, अक्षर पुसतं, पण गळ्यात बसलेलं जात नाही. घरी येताना चढावर सुगंधा एकदम थांबली. मला म्हणते, जानकी, प्लास्टर घातलं की पाच गोष्टी बघायच्या, त्या मी गळ्यात बसवते. तू चाल लाव.

नीला : थांबा थांबा. ते 'पहिला तो रंग'? आम्ही रोज सकाळी म्हणतो ते?

जानकी : तेच.

नीला : मला वाटलं सिस्टरांनी लिहिलंय. आम्ही मागे बसून हसतो त्याला.

दत्ताराम : हसा, हसा. उद्या परीक्षेत आठवात तेव्हा समजतला.

जानकी : म्हण बघू.

नीला : आत्ता? बरं.
पहिला तो रंग । दुजी ऊब हाती ।
तिजी बोट-गती । पाहा आधी ॥
चौथी ती बधिरी । पाचवी वेदना ।
खोटी ती म्हणेना । शहाणा तो ॥

जानकी : शाबास. म्हणजे काय?

नीला : बोटांचा रंग बघायचा. हात लावून गरम आहेत की गार ते बघायचं. बोटं हलतात का, बधिर झालीत का. आणि पेशंट दुखतंय म्हणाला तर नाटक करतोय असं धरायचं नाही. आत सूज वाढली आणि प्लास्टर आवळलं तर रक्त पोचत नाही, आणि काही तासांत हात कायमचा जातो.

जानकी : पाठ आहे तुला. ठीक. आता मूळ आख्यानाकडे. परीक्षा एप्रिलमधली, दुपारी दोनची. साहेबांनी ह्याच खोलीत तीन पेशंट मांडले. एकाला फळी बांधायची, एकाला खाटेवरून ट्रॉलीवर घ्यायचं, आणि तिसरी मीरा. अठरा-एकोणीसची पोर, कुर्ला रोडच्या चाळीतली. आदल्या दिवशी मेंदी लागलेली, तीन दिवसांनी लग्न. सकाळी माळ्यावरची परात काढायला स्टुलावर चढली आणि उजव्या हातावर पडली. मनगटाच्या वरची दोन्ही हाडं मोडली.

नीला : अरे देवा. उजवाच?

जानकी : उजवाच. साहेबांनी स्वतः हाड बसवून प्लास्टर घातलं, पार दंडापर्यंत. इतकं सुबक की म्हणाले, हे आज परीक्षेला नमुना म्हणून ठेवू. प्रश्न साधा होता. प्लास्टर तपासा आणि पेशंटला वॉर्डात न्यायला हरकत आहे की नाही ते सांगा.

दत्ताराम : पट्टे मीच भिजवून दिलेले. माका पण वाटला, झकास काम झाला.

जानकी : पोरगी मात्र रडत होती. बारा वाजता दुखण्याची सुई दिली तरी रडायची थांबेना. सगळे म्हणाले, लग्नाच्या तोंडावर असं झालं, रडेल नाही तर काय. पहिला आला, त्याने नख दाबलं, लाल दिसलं, हरकत नाही म्हणाला. दुसऱ्याने तेच केलं, तिसऱ्याने तेच. चौथी आली. तिने तर मीराच्या डोक्यावरून हात फिरवला, म्हणाली, रडू नको बाळा, नवरा काही पळून जात नाही. नख बघितलं, लाल. पुढे गेली. साहेब मान डोलवतायत, सिस्टर कागदावर खुणा करतायत. पाचवी सुगंधा.

नीला : मग?

जानकी : तिचे ओठ हलतायत, मनातल्या मनात गाणं चाललंय. तिने नख दाबलं. लाल. सोडलं, तरी लाल. आणि तिथे ती अडली. कारण नख दाबलं की काय व्हायला हवं?

नीला : पांढरं. मग सोडल्यावर परत गुलाबी.

जानकी : हे पांढरं पडेचना. तिने मीराचा दुसरा हात धरला, चांगला हात. त्याचंही नख दाबलं. तेही लालच. मग हळूच विचारते, बाय, मेंदी बोटांच्या टोकांना पण लावलीस? मीरा म्हणाली, वहिनीने बोटं बुडवूनच बसवलं मला.

नीला : म्हणजे सगळे जण मेंदीच बघत होते?

दत्ताराम : मेंदीच. डॉक्टर काय, सिस्टर काय, मी काय.

जानकी : रंगाने काही सांगितलं नाही, तर ती दुसऱ्या गोष्टीवर गेली, ऊब. एका हातात ही बोटं, एका हातात ती. चांगल्या हाताची कोमट, मोडक्या हाताची माठाच्या पाण्यासारखी गार. तिसरी गोष्ट. बोटं हलव म्हणाली, मीराला हलवता येईनात. चौथी. पदराच्या पिनेने अलगद टोचलं, तर म्हणते, कुठे टोचलंस, कळत नाही. मग सुगंधाने मधलं बोट धरून जरासं सरळ केलं. पोरीने अशी किंकाळी फोडली की बाहेरच्या बाकावरची माणसं उठून उभी राहिली.

नीला : आणि साहेब?

दत्ताराम : साहेबांचो चेहरो मी बघितलेलंय. म्हणाले, काय करताय हे? सुगंधा म्हणाली, साहेब, ही वॉर्डात जाणार नाही. साहेब म्हणाले, मग कुठे जाणार? ही म्हणते, कुठेच नाही. आधी हे प्लास्टर फोडायला हवं.

जानकी : नंतर मला म्हणाली, जानकी, डोळ्यांपुढे बादली आणि फडका दिसत होता गं. सिस्टर पुढे आल्या, दबक्या आवाजात म्हणाल्या, सुगंधा, हे प्लास्टर कुणी घातलंय माहीत आहे ना? तर ही म्हणते, माहीत आहे बाई. पण हात हिचा आहे.

नीला : बाप रे.

जानकी : साहेब उठले. मीराजवळ गेले, दोन्ही हातांची बोटं धरली, आणि धरूनच राहिले. मग ते मधलं बोट त्यांनीच सरळ केलं. पुन्हा तीच किंकाळी. साहेबांनी मनगटावरचं घड्याळ सोडून टेबलावर ठेवलं...

दत्ताराम : ...आणि म्हणाले, दत्ताराम, कात्री. मी ती प्लास्टरची मोठी कात्री पुढे केली. साहेबांनी घेतली नाय. सुगंधाकडे बोट केला. म्हणाले, बाई, तुम्ही कापा. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच ऐकला, फरशीवाल्या बाईक साहेब तुम्ही म्हणतत.

नीला : तिला येत होतं कापायला?

जानकी : शिकवलेलं होतंच की सगळ्यांना. तिने दंडापासून तळव्यापर्यंत एका रेषेत कापत आणलं, फाकवलं. सिस्टर म्हणाल्या, झालं, उघडलं. सुगंधा म्हणाली, नाही बाई, आतला कापूस राहिला, तो पण आवळतो. कापसाचा शेवटचा पदर कापला, कातडी दिसली, तेव्हा कुठे कात्री खाली ठेवली. हात अर्ध्या प्लास्टरच्या पन्हळीत तसाच निजवला, हाड हलू दिलं नाही. मग वाट बघत बसलो. साहेब स्टुलावर. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मीरा म्हणाली, मुंग्या येतायत. सुगंधा बोटं धरून बसलेली. ती म्हणाली, साहेब, ऊब आली. आणखी थोड्या वेळाने पोरीचं रडणं थांबलं, आणि म्हणते कशी, मावशी, मला भूक लागली.

नीला : आई शप्पथ. काटा आला अंगावर.

दत्ताराम : मी धावत जाऊन इडली आणलंय. सांबार आणूक इसरलंय, इतको खूश होतंय.

जानकी : साहेबांनी करंगळीपासून अंगठ्यापर्यंत एक एक बोट हलवून घेतलं. पाचही हलली. मग परीक्षेच्या कागदावर काही तरी लिहिलं आणि सगळ्यांना सांगितलं, आज ह्या खोलीत एकच उमेदवार पास आहे, आणि नापासांच्या यादीत माझंही नाव लिहा. सिस्टर सुहासिनींनी दुसऱ्या दिवशी ते गाणं स्वतःच्या हाताने फळ्यावर उतरवलं. त्या दिवसापासून प्रत्येक बॅच ते म्हणते. ज्या बाईला नोट्स उतरवता येत नव्हत्या, तिच्या नोट्स सिस्टरांनी उतरवल्या.

नीला : आणि लग्न?

जानकी : अगं, लग्न त्याच मुहूर्तावर. वाण्याच्या वाडीत मांडव. साहेबांनी चार तासांची सुट्टी दिली, एका अटीवर. सुगंधा बरोबर जाईल. मग काय, पाठराखीण म्हणून सुगंधा. अंगावर लुगडं इरकली आणि पिशवीत कात्री.

दत्ताराम : सासरचे विचारतत, ही कोण पाव्हणी? मीराची आई म्हणाली, ही आमची कुलदेवता. जेवायला पहिली पंगत हिची.

जानकी : नवऱ्याने पाणिग्रहणाला धरली ती प्लास्टरच्या पन्हळीतून बाहेर आलेली पाच बोटं. मेंदी तशीच लाल. भटजी मंत्र म्हणतायत आणि सुगंधा मध्ये वाकून नवऱ्याला सांगतेय, हळू धरा, आणि गार लागली तर लगेच मला सांगा.

नीला : झकास. अगदी झकास. मग आता कुठे आहेत त्या?

जानकी : मुलुंडला. तिथल्या हॉस्पिटलची प्लास्टर-रूम तिच्या हाताखाली आहे. नवे डॉक्टर सुद्धा तिला विचारून पट्टी भिजवतात. शनिवारी मात्र कीर्तनाला इकडेच येते, माझ्या शेजारी बसते.

नीला : आणि ते पहिले चौघं? ज्यांनी हरकत नाही म्हटलं ते? महिन्याने पास झाले ते?

जानकी : झाले की.

नीला : कोण कोण होते? आहेत इथे अजून?

जानकी : असतील कुणी. तुला काय करायचंय? पट्टी सैल गुंडाळतेयस, बघ.

दत्ताराम : सांग गो, जानकी. एवढा सांगितलंस, आता उरला काय.

जानकी : ...चौथी मी होते.

नीला : तुम्ही?

जानकी : मी. गाण्याला चाल मी लावलेली. परीक्षेच्या रांगेत सुगंधाला धीर मीच देत होते. माझ्या तोंडात पाचही गोष्टी होत्या, सुगंधापेक्षा सुरात. पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला, पण त्या बोटांना लावला नाही. लाल दिसलं, पुरे झालं.

नीला : मावशी, पण तुम्हीच काय, साहेबांना सुद्धा नाही कळलं.

जानकी : साहेबांचं साहेब बघतील.

नीला : सुगंधामावशी काही बोलल्या का तुम्हाला, नंतर?

जानकी : पुढच्या शनिवारी येऊन शेजारी बसली आणि म्हणाली, 'दुजी ऊब हाती'ची चाल जरा संथ कर, जानकी. लोकांना हात लावायला वेळ मिळायला हवा.

नीला : ...उद्या आत जाताना मी त्यांचं नाव घेऊन जाईन.

जानकी : घे. पण तिची आठवण करून द्यावी लागत नाही कुणाला, तिचं नाव सगळेच घेतात. उद्या पेशंटचा हात तुझ्या हातात येईल ना, तेव्हा तेवढ्यापुरती मला आठव. चौथ्या नंबरला उभी होती, गाणं सगळं पाठ होतं, आणि बोटांना हात लावला नाही.