राहीचा नारळ

(रत्नागिरीहून पावसकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या अंगाला एक चिऱ्याचं घर. फाटकावर बालवाडीची रंगीत पाटी. पडवीत निशिगंधा, तिची सासू मथुरा आणि बालवाडी चालवणाऱ्या तेजस्वीबाई. निशिगंधाची तीन वर्षांची राही आतल्या खोलीत, मुलांबरोबर.)

निशिगंधा : पण मुलांचा आवाज कसा नाही हो? झोपवलंय का सगळ्यांना?

तेजस्वीबाई : नाही हो ताई, खेळतायत. सगळे पालक पहिल्यांदा आले की हेच विचारतात.

मथुरा : मग बरंच हाय की गो! त्या बाजारातल्या शाळेत काय तो गलका. एक पोर रडतंय, दुसरं त्याला चावतंय, तिसऱ्याच्या नाकाला धार. माझं तर डोकं उठलं.

निशिगंधा : तीन वर्षांची मुलं आहेत, आई. गलका करणारच.

मथुरा : करू देत. आपल्याला काय त्याचं? इथे बघ, अंगण कसं लख्ख. फणस, माड, दारात तुळस. आणि जागा राखणीची हाय. आल्या आल्या मी विचारलं बाईंना, जागा राखणाऱ्या देवाला, राखणदाराला मानता ना? म्हणाल्या, मानतो तर. झालं, माझा जीव निवांत.

तेजस्वीबाई : फोनवर सांगितला होता तसा आजींनी नारळसुद्धा आठवणीने आणला. आमच्याकडे पद्धतच आहे ना, प्रत्येक मूल येताना घरून एक नारळ आणतं.

मथुरा : आमच्या बागेतला हाय. मीच सोलला, शेंडी ठेवून. गाऱ्हाणं घातलं, की बाबा, ही पोर तुझ्या पदरात घालतेय, हिला सांभाळ. आणि राहीच्या हातून बाईंना दिला.

निशिगंधा : कधी? मी फाटकाशी फोनवर होते तेव्हा? मला नाही बोललात ते.

मथुरा : तू सुजयशी बोलत होतीस. बोटीवरनं त्याला रेंज मिळते कधी नि जाते कधी. तेवढ्यात कशाला मध्ये बोलू?

निशिगंधा : तोही हेच म्हणाला. आईला आवडली असेल तर टाक तिथे आणि मोकळी हो. त्याला काय, तिकडे समुद्रात बसून बोलायला!

मथुरा : मग काय खोटं बोलला? सोमवारी तुझी ड्युटी सुरू. हॉस्पिटलवाले आता रजा वाढवून देत नायत, तूच सांगितलंस. मला घरी जायलाच हवं, आंबा उतरायला लागलाय, तुझ्या सासऱ्यांना एकट्याला नाय झेपत. आणखी किती शाळा बघणार गो?

निशिगंधा : कळतंय मला. म्हणूनच तर आले ना. बाई, मला फक्त तिला आत बसलेली बघायची आहे.

तेजस्वीबाई : बघा ना. या खिडकीतून. फक्त फार पुढे नका होऊ, मुलांचं लक्ष जातं.

निशिगंधा : ही… ही हात बांधून बसलीय.

तेजस्वीबाई : किती पटकन शिकली बघा! हुशार आहे हं.

निशिगंधा : सगळीच हात बांधून बसलीत. तुम्ही तर म्हणालात खेळतायत.

तेजस्वीबाई : हाच खेळ आहे ताई. कोण जास्त वेळ गप्प.

मथुरा : येताना रिक्षात घसा फाडून गात होती. रिक्षावाला हसून हसून बेजार. आणि आता बघ कशी बसलीय गुणाची.

निशिगंधा : तो कोपऱ्यातला, निळ्या शर्टातला. त्याची चड्डी ओली झालीय. खाली लादीवर ओघळ आलाय, बाई.

तेजस्वीबाई : हो का? सुट्टी झाली की मावशी पुसतील. मध्येच कुणी उठलं की सगळ्यांचीच घडी विस्कटते.

निशिगंधा : पण तो सांगत का नाही? रडत का नाही?

तेजस्वीबाई : आमच्याकडे रडत नाहीत.

निशिगंधा : कुणीच?

तेजस्वीबाई : पहिला दिवस सोडला तर कुणीच नाही. राही तर पहिल्या दिवशीसुद्धा नाही रडली. फक्त ओठ जरा थरथरले, मग थांबले.

निशिगंधा : आणि ही सगळी वर कुठे बघतायत?

तेजस्वीबाई : त्या फळीकडे. आपापल्या नारळाकडे.

निशिगंधा : त्यांच्यावर फोटो आहेत. मुलांचे फोटो चिकटवलेत नारळांवर! राहीचा फोटो कुठून आला?

तेजस्वीबाई : आजींनी दिला ना नारळाबरोबर. नाव वाचता येत नाही हो अजून त्यांना. आपला नारळ कोणता ते कळायला नको का?

मथुरा : मला वाटलं प्रवेशाला लागत असेल फोटो. पण बाई, तो राखणदाराला द्यायचा नारळ ना? त्याच्यावर पोरीचा चेहरा कशाला?

तेजस्वीबाई : तेच तर सांगते आजी. जो रडेल, हट्ट करेल, त्याचा नारळ संध्याकाळी राखणदाराकडे जाणार. एवढंच सांगतो आम्ही मुलांना. बाकी काही नाही. कुणी मारत नाही, कुणी आवाज चढवत नाही. माझ्या शाळेत साधी पट्टीसुद्धा सापडायची नाही तुम्हाला.

निशिगंधा : आणि नारळाबरोबर मूलही जातं, असं सांगता?

तेजस्वीबाई : छे! ते आम्ही नाही सांगत. ते मुलंच समजतात.

निशिगंधा : फळीवर मध्ये एक जागा रिकामी आहे.

तेजस्वीबाई : स्वरूपची. तेवढी एकदाच वेळ आली माझ्यावर. फार ओरडायचा हो, घरी जायचं, घरी जायचं. मग फोडला सगळ्यांच्या समोर. लगेच खवून साखरखोबरं केलं आणि वाटलं. छान खाल्लं मुलांनी.

निशिगंधा : स्वरूपने?

तेजस्वीबाई : त्याने नाही खाल्लं.

निशिगंधा : आता कुठे असतो तो?

तेजस्वीबाई : चिपळूणला नेला म्हणे आजोळी. आईचा फोन आला होता, काहीच बोलत नाही म्हणून. बोलेल. मुलं विसरतात हो सगळं.

मथुरा : बाई, तुम्ही राखणदाराचं भय घालता पोरांना?

तेजस्वीबाई : भय कसलं आजी, शिस्त.

मथुरा : शिस्त कसली मेली! आमच्या बागेला राखणदार हाय. माझा दीर लहानपणी वाट चुकला होता, काळोख पडला, घरचे सगळे बोंब मारीत फिरतायत. तर एक काठीवाला म्हातारा आला आणि बोटाला धरून त्याला आमच्या पायरीपर्यंत सोडून गेला. दीर वळून बघतो तर मागे कोण नाय. राखणदार पोरांना घरी आणतो गो बाई. नेत नाय कुणाला!

तेजस्वीबाई : तुमच्याकडचा तसा असेल.

निशिगंधा : राही! राही, ये बाळा, घरी जायचं आपल्याला. राही? अगं, मम्मी बोलावतेय ना?

तेजस्वीबाई : अशी नाही उठायची ती. थांबा. राही, उभी राहा बाळ.

राही : बाई, जाऊ?

निशिगंधा : त्यांना काय विचारतेस? मी बोलावतेय. ये इकडे.

राही : बाई, जाऊ?

तेजस्वीबाई : जा हं. उद्या लवकर यायचं.

निशिगंधा : उद्या नाही आणि कधीच नाही. तिचा नारळ काढून द्या मला. फोटोसकट.

तेजस्वीबाई : राखणदाराच्या नावाने ठेवलेला नारळ मी कशी काढू? मी नाही बाई हात लावणार. आजींनाच विचारा.

निशिगंधा : आई, सांगा यांना. तुमचा नारळ आहे.

मथुरा : अगो… मी गाऱ्हाणं घालून दिलाय तो. पोरीच्या नावाने. दिलेला नारळ मागे नाय घेत.

निशिगंधा : आई!

मथुरा : उलटं व्हायचं काहीतरी. तिच्यावर यायचं. राहू दे तो तिथेच. तू पोरीला उचल आधी आणि चल इथून.

निशिगंधा : निदान फोटो तरी सोलून घेते.

मथुरा : नको गो, हात नको लावू! पाया पडते तुझ्या. चल. रिक्षा उभी हाय.

निशिगंधा : रिक्षावाले दादा, चला. बाजारातून घ्या. आई, आत सरका जरा. सोमवारी मी हिला त्या बाजारातल्या शाळेतच घालणार. असू दे गलका. रडू दे, पडू दे, चावू दे कुणाला तरी.

मथुरा : घाल बाय, घाल. मी एक शब्द बोलायची नाय. राही, ये गो, आज्जीच्या मांडीवर ये. मघाचं गाणं म्हण बघू. नको? बरं. पण हात सोड ना गो. असे काय बांधून बसलीस? आता कोण बघत नाय तुला.

निशिगंधा : तहान लागलीय का राही? ही घे बाटली.

राही : पिऊ?

निशिगंधा : पी की बाळा. तुझीच आहे ना?

राही : सगळं पिऊ?

मथुरा : देवा म्हाराजा! काय करून ठेवलं गो एवढ्याशा वेळात. आणि मीच. माझ्या हाताने सोलला, माझ्या हाताने तिच्या हातात दिला. तुला विचारलंसुद्धा नाय आणि मी…

निशिगंधा : आई, रडू नका. तिच्यासमोर नको. बघतेय ती.

राही : आज्जी.

मथुरा : काय गो सोन्या? बोल. बोल माझ्या बाय.

राही : रडू नको ना. माझा नारळ फळीवर आहे.